रंगीत पडद्यावरचा राजपुत्र

एम. ए.च्या वर्गात माध्यमांतर शिकवताना एक प्रश्न दरवर्षी येतोच : मूळ कृतीतले नेमके काय टिकले म्हणजे रूपांतर साधले असे म्हणायचे? उत्तरादाखल मी देवलांच्या 'झुंजारराव'कडे (१८९०) वळतो. ऑथेल्लोची नावे, पोशाख, रीतिरिवाज बदलले. पण संशयाने पोखरले जाणारे मन शाबूत राहिले, म्हणून ते नाटक आपले झाले, असे सांगतो. मात्र हा धडा मी प्रथम शिकलो तो नाटकावरून नव्हे, एका व्हिडिओ गेमवरून. वर्गात ते सांगण्याचे धाडस अद्याप झालेले नाही.

१९९४ साली मी आठवीत होतो. सदाशिव पेठेतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये तास संपल्यावर पंधरा मिनिटे खेळायला मिळत. कृष्णधवल पडदा, एक फ्लॉपी, आणि तीत 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जॉर्डन मेकनर या तरुणाने १९८९ साली ॲपल टू या संगणकासाठी रचलेला हा खेळ. तळघरात डांबलेल्या नायकाने ६० मिनिटांत १२ टप्पे पार करून राजकन्येला सोडवायचे, एवढेच कथानक. पण त्या नायकाला वजन होते. धावता धावता थांबायला त्याला दोन पावले अधिक लागत. उडी थोडक्यात हुकली की बोटांनी कड धरून तो लोंबकळे, आणि खांदे भरून येत ते आमचे. मेकनरने आपला धाकटा भाऊ डेव्हिड याला धावायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले होते, आणि त्यावरून एकेक हालचाल रेखाटली होती, हे मला फार पुढे समजले. खेळाचे संगीतही त्यांच्या वडिलांचे, फ्रान्सिस यांचे. भावाचे शरीर आणि वडिलांचे सूर!

घरी संगणक घेणे कारकुनी पगारात शक्य नव्हते. पण माझा ध्यास पाहून बाबांनी दिवाळीच्या बोनसमधून तापकीर गल्लीतून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला; सोबत, दुकानदाराला चार वेळा विचारून, त्याच राजपुत्राची कॅसेट. निन्टेन्डोच्या यंत्रासाठी या खेळाचे रूपांतर १९९२ साली झाले होते, आणि त्या यंत्राच्या नकला तेव्हा आपल्याकडे घरोघरी पोचल्या होत्या.

"रंगीत आहे," बाबा म्हणाले.

रंगीत होताच. भिंती, खटके, जमिनीतून उसळणारे सुळे, पहारेकरी, सारे जागच्या जागी होते. पण राजपुत्राच्या हालचालींतला सलगपणा हरवला होता. तो धावत नव्हता. एका चित्रातून दुसऱ्या चित्रात सरकत होता. त्यामुळे तो खाली कोसळला तरी पोटात गोळा येईना.

"बाबा, हा तो नाही," मी म्हणालो.

"का? काय वेगळं आहे त्यात?"

त्यांच्या स्वरात राग नव्हता. त्यांना खरोखरच समजून घ्यायचे होते. मला सांगता येईना. मी नुसता कंट्रोलर खाली ठेवला. नंतरचे काही दिवस जेवण झाल्यावर बाबा एकटेच त्या पडद्यासमोर बसत, पहिल्याच खड्ड्यात पडत, पुन्हा सुरू करत. आपला मुलगा काय शोधतो आहे, ते बहुधा पाहत असावेत.

आज त्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकतो. रूपांतरकाराने मजकूर शब्दशः उतरवला होता, पण चाल सोडली होती. आणि या कृतीचा प्राण कथानकात नव्हे, चालीत होता. गद्यात उतरवलेल्या ओवीचे जे होते, तेच इथे झाले होते. वृत्त गेले की अर्थ जागेवर असूनही कविता उठून जाते.

हे सारे विद्यार्थ्यांना मी सहज समजावतो. ज्यांनी मला तो प्रश्न प्रथम विचारला, ते आता नाहीत. आपल्याला न परवडणाऱ्या वस्तूचे आपल्या ऐपतीत केलेले तेही एक रूपांतरच होते. त्यात काय हरवले ते मला लगेच दिसले होते. काय टिकले होते, ते पाहायला मात्र मी तिथे थांबलो नाही.