एका कान्याचे अंतर

आम्ही मंगळवेढ्यात उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवणाऱ्या बाया. घरी दखनी, वर्गात उर्दू, बाजारात आणि दवाखान्यात मराठी, असा आमचा दिवस जातो. पण एका दुःखासाठी यांतल्या कोणत्याच भाषेत आम्हाला नीट शब्द सापडत नाही. उर्दूत 'इस्कात', मराठीत 'गर्भपात'. आपोआप झाला काय, करवून घेतला काय, शब्द तोच. बोलीत मात्र फरक आहे : 'पोट पडलं' आणि 'पोट पाडलं'. एका कान्याचे अंतर. पण सासरच्या माणसांना ते ऐकू येतेच असे नाही.

आमच्यातल्या एकीला आठव्या आठवड्यात रक्त जाऊ लागले. डॉक्टरांनी कागदावर 'थ्रेटन्ड अबॉर्शन' लिहिले. शिकलेल्या दिराने त्यातला दुसराच शब्द वाचला आणि घरभर झाले, नोकरीपायी हिने पाडायला दवाखाना गाठला! वास्तविक त्या दोन शब्दांचा अर्थ एवढाच, की रक्त जाते आहे, पण गर्भाशयाचे तोंड बंद आहे आणि गर्भ टिकू शकतो. सोनोग्राफीत ठोके दिसले. तिचा मुलगा आज चौथीत आहे. दुसरीला नवव्या आठवड्यात तसेच झाले. तिच्या वेळी पडद्यावर ठोके नव्हते. दोघी एकाच डब्यात जेवणाऱ्या, एकाच बसने खड्डे खात येणाऱ्या.

पहिल्या तीन महिन्यांत चार-पाच जणींमागे एकीला तरी असे रक्त दिसते. ठोके दिसले, तर त्यांतल्या बहुतेकींची, दहांत सुमारे नऊ जणींची, गर्भावस्था पुढे जाते. दिवस फार कमी असतील तर ठोके दिसतही नाहीत. तेव्हा आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा पाहावे लागते. ते दिवस जड जातात. पण तेवढ्यात निकाल लावून मोकळे होऊ नये.

आणि ज्या वेळी राहत नाही, त्या वेळी? 'अल्लाहची मर्जी' म्हणून डोक्यावरून हात फिरवणारी खालाच पुढच्या वाक्यात विचारते, "पपई खाल्ली होतीस का? स्कूटीवर बसलीस?" मर्जी त्याची म्हणायचे आणि जाब हिला विचारायचा, हा कुठला न्याय? सुरुवातीच्या अशा गर्भपातांपैकी निम्म्यांच्या आसपास बीज जुळतानाच गुणसूत्रांची मांडणी बिघडलेली असते. रोजची कामे केल्याने, जिना चढल्याने, वर्गात उभे राहिल्याने गर्भ पडत नाही. अंथरुणाला खिळून राहिल्याने तो टिकतो, असाही पुरावा नाही. मालदांडी पेरणारे आमच्याकडचे शेतकरी न उगवलेल्या दाण्याचा जाब रानाला विचारत नाहीत. एकदा असे झाले तरी बहुतेक बायांचे पुढचे बाळंतपण सुखरूप होते.

मात्र रक्त दिसले, की थोडे असो वा फार, दाखवायचेच. तासाला मोठा पॅड भिजत असेल, ओटीपोटात एका बाजूला जोराने दुखत असेल, खांद्याच्या टोकाशी कळ येत असेल, चक्कर येत असेल, तर सासूबाईंच्या परवानगीची किंवा मियाँ सोलापुराहून येण्याची वाट पाहू नये. गर्भ नळीत राहिला असेल तर जीवावर बेतते. 108 ला फोन लावावा. आपला रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगावे. काहींना त्यासाठी इंजेक्शन लागते.

त्या दुसरीने रजेच्या अर्जावर 'तापामुळे' असे लिहिले होते. चार दिवसांनी फिकट चेहऱ्याने ती हजर झाली. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यातच मान्य झाली होती. पण ती मागायची तर कारण लिहावे लागते आणि कारण लिहायचे तर तोच शब्द. आता कुणावर अशी वेळ आली, की आम्ही तिच्या शेजारी बसून अर्ज लिहून देतो. 'गर्भपात' या शब्दाआधी 'आपोआप झालेला' असे स्पष्ट लिहितो आणि अर्जाची एक नक्कल तिच्या घरी नेण्यासाठी तिच्या हातात देतो.