रझाकारीतली लेकरं

नांदेड,
१८ सप्टेंबर

चि. माई,

हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या नोंदींत हुतात्म्यांची नावे आहेत, सत्याग्रहींची आहेत, सरहद्दीवरच्या कॅम्पांत राहिलेल्यांचीही आहेत. १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत जी मुले पाळण्यात होती, पाटी गिरवत होती किंवा गुरांमागे हिंडत होती, त्यांची वेगळी यादी कोणी केली नाही. नांदेड आणि लातूरच्या खेड्यांत मात्र जुनी माणसे अजून त्या काळावरूनच वय मोजतात. कोणाचा जन्म रझाकारीतला, कोणाची शाळा रझाकारीत सुटली ती कायमची. सशस्त्र संघर्षात सापडलेल्या मुलांचा विषय आला की आज गाझा, युक्रेन, सुदान ही नावे पुढे येतात. मराठवाड्यात त्यासाठी आजी-आजोबांच्या पिढीपलीकडे जावे लागत नाही.

त्या वेळचा नकाशा वेगळा होता. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ला झाला. १९४८ साली लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातले व्यापारी गाव होते, तर उदगीर, अहमदपूर, निलंगा हा भाग बीदर जिल्ह्यात मोडत होता. मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनचे नेतृत्व १९४६मध्ये ज्याच्याकडे आले, तो कासिम रझवी लातुरातच वकिली करणारा. त्याच्या हाताखालची रझाकार संघटना निजामाच्या स्वतंत्र राज्यासाठी गावोगाव दहशत बसवत होती. दुसऱ्या बाजूला स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता आणि सरहद्दीवरच्या कॅम्पांतून सशस्त्र हल्लेही होत होते. कॅम्पवाल्यांनी नाका किंवा चौकी उडवली की सूड बहुधा जवळच्या गावावर निघे. गावात तेव्हा तरणी माणसे फारशी नसत. म्हातारी माणसे, बायका आणि लेकरे असत.

यातून जी पळापळ झाली तिची दिशा भूगोलाने ठरवली. नांदेडच्या उत्तरेला पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे उमरखेडचा मुलूख; लातूरच्या पश्चिमेला बार्शी तालुका सोलापूर जिल्ह्यातला. दोन्हीकडे भारताची हद्द. ज्यांचे सोयरे पलीकडे होते त्यांनी मुलाबाळांना बैलगाडीत घालून तिकडे पोचवले. ज्यांचे नव्हते ते रात्री शेतात लपले. भूमिहीनांना आणि दलित वस्त्यांना पलीकडे सोयरा असला तरी तोही त्यांच्यासारखाच हातावर पोट असलेला. संकटात मूल किती सुरक्षित राहते हे घरच्या ऐपतीवर ठरते, ही गोष्ट इथेही चुकली नाही. आणि आजवर झालेल्या गौरवग्रंथांत ती फारशी दिसत नाही, हेही नोंदवायला हवे.

सर्वात ठळक उदाहरण उदगीरच्या शेजारचे आहे. काँग्रेसचे नेते मल्लिकार्जुन खर्गे यांचा जन्म जुलै १९४२मध्ये भालकी तालुक्यातल्या वरवट्टी गावचा. १९४८ साली रझाकारांनी लावलेल्या आगीत त्यांची आई आणि बहीण गेली. वडील आणि जेमतेम पाच-सहा वर्षांचा मुलगा तेवढे वाचले. दोघे पुढे गुलबर्ग्याला गेले, वडिलांनी गिरणीत काम धरले आणि मुलगा शाळेत गेला. पुढचे सार्वजनिक आयुष्य सर्वांना माहीत आहे. या कहाणीत मुलाला सावरणाऱ्या दोन गोष्टी अगदी साध्या आहेत: एक जिवंत राहिलेला पालक, आणि लवकर मिळालेली शाळा.

थोडी मोठी मुले वेगळ्या पेचात होती. चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा निरोप पोचवी, भाकरी नेऊन देई, पत्रके लपवी. त्याच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नसे, आणि म्हणूनच ही कामे त्याच्याकडे येत. सोळा-सतरा वर्षांचे विद्यार्थी कॉलेज सोडून थेट लढ्यात शिरले. विचारवंत नरहर कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२चा. पोलीस अ‍ॅक्शनच्या, म्हणजे सप्टेंबर १९४८च्या भारतीय लष्करी कारवाईच्या वेळी ते सोळा वर्षांचे होते. त्यांची सारी पिढी याच धामधुमीत वयात आली. आजच्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या मोजपट्टीने यातले कित्येक जण 'मूल' ठरतात आणि त्यांना लढाईत उतरवणारा दोषी ठरतो. त्या पोरांचे धाडस खरे होते, लढ्याचा हेतूही न्याय्य होता. तरीही पंधरा वर्षांच्या मुलाला हत्याराजवळ नेऊ नये, हे दोन्ही एकाच वेळी म्हणता येते. लढा न्याय्य असला की वयाचा प्रश्न विचारायचा नाही, अशी पळवाट एकदा दिली की ती प्रत्येक सशस्त्र गट वापरतो.

१३ सप्टेंबर १९४८ला भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गच्या बाजूने आत आले आणि १७ तारखेला निजाम शरण आला. शाळेच्या पुस्तकात हकिगत इथे थांबते. मुलांच्या दृष्टीने मात्र तिचा दुसरा भाग इथून सुरू झाला, आणि या वेळी लपणारी लेकरे मुसलमानांची होती. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची समिती २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानात हिंडली. तिच्या अहवालाने सर्वाधिक हानी झालेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ही नावे दिली. सबंध संस्थानातल्या बळींचा समितीचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. लातूर गावात मारहाण-कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली आणि सुमारे दहा हजार मुस्लिम वस्तीपैकी जेमतेम तीन हजार माणसे तिथे उरलेली दिसली, असे अहवाल सांगतो. एका विहिरीत समितीने अकरा प्रेते मोजली. त्यांत छातीशी तान्हे मूल असलेली एक बाई होती. हा अहवाल पुढची कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. लातुरातल्या ज्या जुन्या बाजारपेठेतून तू रोज जातेस, तिथल्या अनेक घरांचे मालक त्या काळात बदलले.

अहवालात आणखी एक तपशील आहे. अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमान कुटुंबांना वाचवले, आणि हा आपलेपणा एकच धंदा करणाऱ्यांत विशेष दिसला; विणकरांनी विणकरांना पाठीशी घातले. मदतीचा विचार करताना ही नोंद कळीची वाटते. संकटात सापडलेल्या मुलाला पहिला हात शेजारी, सोयरा, बापाचा धंदेभाऊ देतो. सरकार किंवा संस्था पोचते तेव्हा बहुतेक ठरून गेलेले असते. म्हणून बाहेरून येणाऱ्या मदतीने पहिला प्रश्न हा विचारावा की मुलाला कोणी आधीच घरात घेतले आहे का, आणि त्या घराला धान्य-पैसा पुरतो का. असे घर मोडून मुलाला दूरच्या इमारतीत नेणे ही मदत दिसायला मोठी असते, एवढेच.

त्याच वर्षांत, आजच्या महाराष्ट्राच्याच दुसऱ्या टोकाला, मुलांसाठी आखीव काम झालेले होते. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. सोव्हिएत हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेली ही माणसे बहुतांशी बायका आणि मुले होती. छावणीत पोलिश भाषेतल्या शाळा होत्या, चर्च होते, स्काउटची पथके होती. मुलांना त्यांच्या भाषेत शिकता आले, रोजचा दिवस घंटेवर चालला, आई बहुधा जवळ होती. यातले काहीही लातूर-नांदेडच्या मुलांच्या वाट्याला आले नाही. याचे कारण अज्ञानात नव्हते. वळिवड्याच्या मुलांमागे त्यांचे परागंदा सरकार आणि ब्रिटिश यंत्रणा उभी होती, तर इथल्या मुलांचे काय झाले हे विचारणे विजयानंतर दोन्ही अंगांनी अडचणीचे होते.

आई जवळ असण्याला इतके महत्त्व का, हे त्याच महायुद्धात लंडनमध्ये दिसून आले. अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेडच्या युद्धकालीन बालगृहांत मुलांचे बारकाईने निरीक्षण केले. बॉम्बच्या आवाजापेक्षा आईपासूनची ताटातूट लहान मुलांना जास्त मोडून टाकते, असे त्यांना आढळले. आई शांत असेल तर तळघरातली रात्रही मूल निभावून नेते. ज्वारीच्या उभ्या पिकात आईच्या कुशीत काढलेली रात्र आणि एकट्याने परक्या गावी काढलेले वर्ष यांत दुसरे अधिक जड जाऊ शकते ते यामुळे. अशी मुले पुन्हा अंथरूण ओले करू लागतात, बोलायची थांबतात, आवाजाला दचकतात, किंवा उलट फारच शहाण्यासारखी वागू लागतात. शेवटचे लक्षण मोठ्यांना आवडते, म्हणून नजरेतून सुटते. बहुतेक मुले औषधोपचाराविना सावरतात, पण त्यासाठी ओळखीचे माणूस, ठरावीक वेळेचे जेवण, खेळ आणि शाळा लागते. घडलेले पुन्हा पुन्हा सांगायला लावणे हा उपचार नाही. पाहुण्यांपुढे आणि कॅमेऱ्यापुढे तर मुळीच नाही.

शाळेचे मोल मराठवाड्याला उशिरा का होईना कळले. स्वामी रामानंद तीर्थ स्वतः शिक्षक होते, आणि नांदेडला १९५०मध्ये पीपल्स कॉलेज उभे राहिले ते त्यांच्याच प्रेरणेने. कुरुंदकर पुढे याच कॉलेजात शिकवत होते, प्राचार्य झाले. दोन-तीन वर्षे शाळा बुडालेल्या पोरांना वय वाढलेले असतानाही वर्गात बसू देणे, हे त्या काळातले कदाचित सर्वात मोठे पुनर्वसन होते, जरी त्याला तसे कोणी म्हटले नाही. शाळा बुडालेली मुले म्हणताना मुलगे समजावेत. मुलींची शाळा सुटली आणि लग्ने लवकर उरकली गेली.

लातूरला हाच धडा शस्त्रांविना पुन्हा मिळाला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, सुमारे आठ हजार माणसे गेली आणि पालक गमावलेल्या मुलांचा प्रश्न उभा राहिला. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गजवळ 'आपलं घर' सुरू झाले. पुण्याने चांगली शाळा आणि पुढची वाट दिली. नळदुर्गच्या मुलांना आपली बोली, आपला मुलूख आणि सुट्टीत भेटणारे नातेवाईक जवळ राहिले. दोन्ही कामांनी मुलांचे भले केले, पण निवड करायचीच झाली तर लहान मुलांसाठी जवळचे घर आणि दहावीनंतर दूरची शाळा हा क्रम शहाणपणाचा. काश्मीरमधल्या संघर्षात मराठी माणसांनी केलेल्या कामातही हेच दोन रस्ते दिसतात. अधिक कदम यांनी २००२मध्ये कुपवाड्यात मुलींसाठी 'बसेरा-ए-तबस्सुम' सुरू केले, तिथल्याच मातीत. संजय नहार यांच्या 'सरहद'ने काश्मिरी मुलांना पुण्यात आणून शिकवले.

कायदा या सगळ्याच्या मागून आला. १९८९च्या बालहक्क करारातील ३८वे कलम पंधरा वर्षांखालच्या मुलांना लढाईपासून दूर ठेवायला सांगते आणि ३९वे कलम त्यांच्या सावरण्याची जबाबदारी राज्यावर टाकते. ग्रासा माशेल यांच्या १९९६च्या अहवालानंतर २०००मध्ये पूरक करार झाला आणि थेट लढाईची वयोमर्यादा अठरावर गेली. भारताने तो २००५मध्ये मान्य केला. संयुक्त राष्ट्रे सहा अपराधांवर लक्ष ठेवतात: ठार किंवा जायबंदी करणे, भरती, लैंगिक अत्याचार, पळवून नेणे, शाळा-इस्पितळांवर हल्ले आणि मदत अडवणे. ही यादी १९४८च्या मराठवाड्यापुढे ठेवली तर तिच्यातले फारच थोडे रकाने रिकामे राहतील.

तुला कामात रोज लागेल तो २०१५चा बाल न्याय कायदा. सशस्त्र संघर्ष, नागरी अशांतता किंवा नैसर्गिक आपत्तीची झळ बसलेले मूल 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले' ठरते. म्हणजे रझाकारी आणि किल्लारी कायद्याने एकाच ओळीत आणली. असे मूल सापडल्यापासून चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते. त्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे. ८३व्या कलमाप्रमाणे सरकारबाह्य सशस्त्र गटाने मुलाला भरती केल्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात हे कलम गडचिरोलीसाठी अर्थपूर्ण आहे, कारण माओवाद्यांनी 'बाल संघम'च्या नावाखाली मुलांना ओढले. अशा मुलाकडे आरोपी म्हणून बघायचे की बळी म्हणून, यावर पोलीस ठाण्यात अजून घोटाळा होतो. अशा मुलांचे पुढे काय होते हे सिएरा लिओनमध्ये पाहिले गेले: तिथल्या माजी बालसैनिकांचा युद्ध संपल्यापासून, २००२पासून, वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला, आणि पुढचे आयुष्य ठरवण्यात गावाने स्वीकारले की नाही आणि शाळा मिळाली की नाही, या दोन गोष्टींचा वाटा मोठा दिसला.

१९४०च्या आसपास जन्मलेली माणसे आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी टिपायच्या तर घाई करावी लागेल, आणि दोन्ही बाजूंच्या घरांत जावे लागेल. एकीकडे मराठीत, दुसरीकडे दखनीत. विचारताना 'कोणी मारले' यावरून सुरुवात करू नये. कोणाच्या घरी राहिलात, काय खाल्ले, शाळा पुन्हा केव्हा सुरू झाली, कोणी परत आले नाही, असे विचारावे. नातवंडाला शेजारी बसू द्यावे. सांगणारा थांबला की ध्वनिमुद्रणाचे यंत्र बंद करावे, आणि नाव छापायचे की नाही हे त्यालाच ठरवू द्यावे.

तुझा,
मामा