पाट्यांचं गाव

इंग्लंडातल्या लेस्टरमध्ये सोअर नदीवर बो ब्रिज नावाचा पूल आहे. नजरेत भरावं असं त्यात फारसं काही नाही. वाहनं आपल्या तंद्रीत त्यावरून निघून जातात. पण जवळच्या भिंतीवर दोन पाट्या आहेत, आणि माझ्यासारख्या पाट्या वाचत हिंडणाऱ्या माणसाला तेवढं पुरतं. पहिली पाटी १८५६ सालची, ब्रॉडबेंट नावाच्या एका बिल्डरने लावलेली. प्लँटॅजेनेट घराण्याचा शेवटचा राजा, तिसरा रिचर्ड, याचे अवशेष इथेच जवळपास आहेत, असं ती ठासून सांगते. दुसरी फार उशिरा आली. पहिलीचं म्हणणं काही खरं नव्हे, हा तिचा सूर. पण म्हणून पहिली काढून टाकावी असं कुणाला वाटलं नाही. दोघी सख्ख्या जावांसारख्या, एकमेकींकडे न बघता नांदताहेत.

पुण्यात पाटी म्हणजे आज्ञा. वाचणाऱ्याने निमूट ऐकायचं. लेस्टरची तऱ्हा निराळी. तिथे काही लिहिलं, छापलं, जाहीर केलं, की नेमकं उलट घडतं. निदान या गावाचा इतिहास चाळताना मला तरी असं वाटत राहतं.

रिचर्डचंच घ्या. १४८५ च्या ऑगस्टमध्ये बॉसवर्थच्या लढाईला निघण्यापूर्वी तो लेस्टरच्या एका सराईत उतरला होता, असं गावात सांगतात. सराईच्या पाटीवर पांढरा रानडुक्कर होता. तेच रिचर्डचं राजचिन्ह. २२ ऑगस्टला रिचर्ड पडला, हेन्री ट्यूडर जिंकला. निळा रानडुक्कर हे हेन्रीचा सेनानी असलेल्या ऑक्सफर्डच्या उमरावाचं चिन्ह. सराईवाल्याने रातोरात ब्रश घेतला आणि पांढऱ्याचा निळा करून टाकला. कथा असेल, पण ‘ब्लू बोअर’ हे नाव सराईला चिकटलं ते १८३६ मध्ये ती पाडेपर्यंत, आणि गल्लीला तर त्यानंतरही. मला त्या सराईवाल्याचं भारी कौतुक वाटतं. राज्य बदललं तर त्याला खर्च किती, तर डबाभर रंग!

दुसरी कथा बो ब्रिजची. लढाईला जाताना राजाची टाच पुलाच्या दगडाला घासली. तिथली एक म्हातारी म्हणाली, परतताना याचं डोकं इथेच आपटेल. परतताना राजाचं उघडं प्रेत घोड्यावर आडवं टाकलेलं होतं, आणि डोकं तिथेच आपटलं म्हणतात. प्रेत ग्रेफ्रायर्स मठात पुरलं. १५३८ मध्ये मठ बंद झाला, आणि पुढे अफवा पसरली की जमावाने हाडं उकरून सोअर नदीत फेकली. ब्रॉडबेंटची पाटी या अफवेच्याच जोरावर उभी राहिली.

यातला खरा गमतीचा भाग वेगळाच आहे. मठाची जागा पुढे रॉबर्ट हेरिक या माजी महापौराकडे आली. त्याच्या बागेत तीनेक फूट उंचीचा दगडी खांब होता आणि इथे राजा रिचर्ड आहे अशी अक्षरं त्यावर कोरलेली होती. १६१२ मध्ये क्रिस्टोफर रेन यांनी तो पाहून नोंदवून ठेवला. (लंडनचं सेंट पॉल बांधणारा रेन तो हा नव्हे, हे त्याचे वडील.) म्हणजे खरं बोलणारी पाटी बागेत होती, ती नाहीशी झाली, खोटं बोलणारी नदीकाठी लागली, ती टिकली.

बागेचं पुढे काय झालं? घरं झाली, कचेऱ्या झाल्या, आणि शेवटी नगरपालिकेच्या समाजसेवा विभागाचं पार्किंग झालं. २५ ऑगस्ट २०१२ रोजी तिथल्या डांबरावर पहिला चर खणायला घेतला आणि त्याच दिवशी पायाची हाडं लागली. जवळच एका गाडीच्या जागेवर पांढऱ्या रंगात ‘आर’ हे अक्षर होतं. राखीव जागेची ती खूण. ‘रेक्स’ किंवा ‘रिचर्ड’ असं वाचण्याचा मोह लोकांना नंतर झाला, आणि तो मलाही आवरत नाही. सांगाडा कण्याने वाकडा होता, कवटीवर शस्त्रांचे घाव होते. खड्डा आखूड खणलेला, त्यामुळे डोकं वर उचललेलं. पुरणाऱ्यांना घाई होती हे दिसतंच. पावलं मात्र नव्हती. व्हिक्टोरियन काळात कुणीतरी तिथे खोली बांधताना ती गेली असावीत. पाया थोडा इकडे सरकला असता तर सगळाच राजा गेला असता, आणि खणणाऱ्या गवंड्याला त्याचा पत्ताही लागला नसता.

हाडं राजाचीच हे ४ फेब्रुवारी २०१३ ला जाहीर झालं. त्यासाठी रिचर्डच्या बहिणीच्या मातृवंशातला एक माणूस लंडनमध्ये सापडला होता. मायकल इबसेन त्याचं नाव, मूळचा कॅनडाचा, धंदा सुताराचा. त्याच्या गालातल्या पेशींचा डीएनए राजाच्या हाडांतल्या डीएनएशी जुळला. पुढे २६ मार्च २०१५ ला लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये रिचर्डचं पुन्हा दफन झालं तेव्हा शवपेटी याच इबसेनने ओकच्या लाकडात बनवली. सव्वापाचशे वर्षांनी नात्यातल्या माणसाने स्वतःच्या हातांनी शेवटचं केलं. राजाच्या नशिबात निदान तेवढं होतं.

डीएनएचे हे ठसे याच गावात आधी उमटले होते. १० सप्टेंबर १९८४, सोमवार, सकाळ. लेस्टर विद्यापीठात जनुकशास्त्रज्ञ अ‍ॅलेक जेफ्रीझ डार्करूममधून एक्स-रे फिल्म काढून बघत होते. फिल्मवर पट्टेच पट्टे. प्रयोगशाळेतल्या एका सहकारी बाईंचं आणि त्यांच्या आईवडिलांचं रक्त तपासलेलं. आईवडिलांतले पट्टे मुलीत कसे उतरलेत ते नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. माणसागणिक हे पट्टे वेगळे असतात, हे त्यांच्या लक्षात आलं ते त्या काही मिनिटांत. या शोधाचा पहिला उपयोग गुन्हेगार पकडायला झाला असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. १९८५ मध्ये घानाहून परतलेल्या एका मुलाला ब्रिटनच्या इमिग्रेशन अधिकाऱ्यांनी अडवलं होतं. हा या बाईचा मुलगा नव्हेच, असा त्यांचा संशय. पट्टे जुळले, आणि मुलगा आईकडे राहिला. कोर्टकचेऱ्या, कागद, शिक्के एका बाजूला आणि एका फिल्मवरच्या धूसर रेघा दुसऱ्या बाजूला.

याच विद्यापीठात, त्याच्याही कितीतरी आधी, एक पोरगा पैसे कमवायचा. विद्यापीठ तेव्हा लहानसं कॉलेज होतं, पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचं स्मारक म्हणून १९२१ मध्ये काढलेलं. इमारत जुन्या वेड्यांच्या इस्पितळाची. प्राचार्यांची मुलं आवारातच वाढली. प्राणिशास्त्र विभागाला पाणसरड्यासारखे न्यूट प्राणी हवेत असं मधल्या मुलाला कळलं आणि तो तीन पेन्सला एक या भावाने ते आणून देऊ लागला. कुठून आणतो हे मात्र सांगायचा नाही. तळं त्या विभागाच्या इमारतीला लागूनच होतं. पोराचं नाव डेव्हिड अ‍ॅटनबरो. पुढे जगभरच्या प्राण्यांची ओळख करून देणाऱ्या त्या माणसाच्या आवाजात अजूनही मला ते तळं लपवल्याची मिस्किली ऐकू येते. प्राध्यापकांनी खिडकीतून वाकून पाहिलं असतं तर एक धंदा बुडाला असता.

पैशावरून आठवलं. लेस्टरच्या डॅनियल लँबर्टचा जन्म १७७० मध्ये त्या ब्लू बोअर गल्लीतच झाला. तुरुंगाचा रखवालदार होता. अंग सुटत गेलं, लोक टक लावून बघू लागले तसा तो घराबाहेर पडेना. तुरुंग बंद झाला, चरितार्थाचा प्रश्न आला, तेव्हा १८०६ मध्ये तो लंडनला गेला, पिकॅडिलीत खोली घेतली आणि भेटीला एक शिलिंग दर लावला. फुकट बघणाऱ्यांपासून सुटका करून घेण्याचा याहून सभ्य उपाय मला सुचत नाही. १८०९ मध्ये वारला तेव्हा वजन ३३५ किलोच्या घरात होतं.

पस्तीस वर्षांनी याच गावातून एका शिलिंगाचा दुसरा सौदा झाला. थॉमस कुक, सुतारकाम करणारा, दारूबंदीचा प्रचारक. ५ जुलै १८४१ ला त्याने पाचेकशे माणसं लेस्टरहून लफबरोला आगगाडीने नेली. दारूबंदीचा मेळावा, बँडबाजा, चहा, जाऊन-येऊन एक शिलिंग. आज सहलीला निघालेली माणसं विमानतळावर बसल्या बसल्या काय पितात ते त्याला बघवलं नसतं. १८८१ मध्ये त्याच्या पर्यटन कंपनीने मुंबईत कचेरी थाटली; फोर्टात जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या किती पिढ्यांनी त्या नावाखालून बस पकडली असेल.

आता जरा थांबून बोलायची गोष्ट. १८५३ च्या कायद्याने इंग्लंडात प्रत्येक बाळाला देवी टोचणं सक्तीचं झालं. नंतरच्या कायद्यांनी दंडाचा जाच वाढला, दंड न भरल्यास जप्ती, नाहीतर तुरुंग. लेस्टर हे मोजे विणणाऱ्यांचं आणि बूट शिवणाऱ्यांचं गाव. तिथल्या आईबापांनी साफ नकार दिला. हजारांवर खटले झाले, घरातल्या खुर्च्या-टेबलं लिलावात गेली. २३ मार्च १८८५ ला गावात मोर्चा निघाला तो लाखाच्या घरातला; फलक, बँड, लहान मुलाची शवपेटी, लस शोधणाऱ्या जेन्नरचा पुतळा फाशी देण्यासाठी. लसीबद्दल ही माणसं चुकत होती, यात मला काडीची शंका नाही. पण नुसतं नाही म्हणून ती बसली नाहीत. देवीचा रुग्ण निघाला की लगेच कळवायचं, त्याला इस्पितळात हलवायचं, घरातल्यांना वेगळं ठेवायचं, अंथरूण-पांघरूण जंतुमुक्त करायचं, अशी पद्धत नगरपालिकेने लावली. ‘लेस्टर पद्धत’ असं तिचं नावच पडलं. डॉक्टरमंडळी म्हणत होती, साथ आली की गाव ओस पडेल. १८९० च्या दशकात साथ आली आणि गाव ओस पडलं नाही.

पुढची वळणं बघा. १९७० च्या दशकात आपल्याकडे देवीचं उच्चाटन झालं ते लसीनेच. पण नुसती सरसकट लस टोचून नव्हे. देवी आलेल्या बाळाचं चित्र असलेलं कार्ड घेऊन कार्यकर्ते घरोघर, बाजारात, जत्रेत विचारत फिरत. रुग्ण सापडला की त्याला वेगळं ठेवून भोवतालच्या सगळ्यांना टोचत. खबर देणाऱ्याला बक्षीस असे. म्हणजे लेस्टरच्या हट्टी लोकांचा अर्धा भाग आणि त्यांनी ज्याचा पुतळा टांगला त्या जेन्नरचा अर्धा भाग, दोन्ही मिळून १९७५ मध्ये भारतातली देवी संपली. दोघांपैकी कुणालाच ही वाटणी आवडली नसती.

आणि मग ती जाहिरात. ऑगस्ट १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. पुष्कळांकडे ब्रिटिश पासपोर्ट होते. सप्टेंबरमध्ये लेस्टरच्या नगरपालिकेने तिथल्या ‘युगांडा आर्गस’ या वर्तमानपत्रात पैसे मोजून जाहिरात दिली: घरं नाहीत, शाळा भरल्यात, तुमच्या आणि कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका. दुसऱ्याच्या हिताची काळजी इतक्या सभ्य शब्दांत वाहणारी पाटी आपण पुण्यातही पाहिली नसेल. परिणाम काय? काही जणांनी लेस्टरचं नाव पहिल्यांदा वाचलं ते त्या जाहिरातीतच, असं नंतर सांगितलं जाऊ लागलं. ज्या गावाला इतकी भीती वाटते तिथे आपली माणसं असणारच, असा सरळ हिशेब. हजारो जण आले.

आले आणि कारखान्यांत लागले. १९७४ च्या १ मे रोजी इंपीरियल टाइपरायटरच्या कारखान्यातून ३९ कामगार बाहेर पडले. कबूल केलेल्या बोनसचा हिशेब जुळत नव्हता. दिवस वाढले तशी संख्या शेकड्यांवर गेली, बायका त्यात मोठ्या संख्येने. त्यांच्याच युनियनने पाठिंबा नाकारला. संप तीनेक महिने चालला, पुढच्या वर्षी कारखान्यालाच टाळं लागलं. दुसरीकडे बेलग्रेव्ह रोडवर लाल विटांची जुनी स्वस्त घरं होती, ओळीने रिकामी दुकानं होती. तिथे साड्या आल्या, सोनार आले, ढोकळा आला. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं एक जुनं चर्च १९८८ मध्ये जैन मंदिर झालं. १९८३ पासून बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीची रोषणाई होते, आणि ती बघायला या म्हणून नगरपालिकाच आमंत्रण देते.

फुटबॉलचं वेड मला नाही, पण २०१६ चं सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या हंगामाच्या सुरुवातीला सट्टेवाल्यांनी लेस्टर सिटी प्रीमियर लीग जिंकण्याला पाच हजारास एक असा भाव लावला होता. एल्विस प्रेस्ली जिवंत सापडण्याचा भावही तेवढाच होता म्हणे. २ मे २०१६ च्या रात्री लेस्टरचे खेळाडू मैदानावर नव्हतेच. जेमी वार्डी या खेळाडूच्या घरी ते टीव्हीसमोर दाटीवाटीने बसले होते. तिकडे चेल्सीने लेस्टरच्या पाठलागावर असलेल्या टॉटनहॅमशी २-२ अशी बरोबरी केली आणि इकडे दिवाणखान्यात विजेतेपद आलं. काही चाहत्यांनी मोसमाआधी गंमत म्हणून पाच-दहा पौंड लावले होते, आणि संघ चांगला खेळतोय म्हटल्यावर घाबरून मध्येच सट्टेवाल्याशी तडजोड करून थोडके पैसे घेऊन मोकळे झाले होते. लेस्टरकरांनी तरी असं करायला नको होतं.