कपिलधारच्या पाण्यापाशी

मुलांनो, बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं, की बालाघाटच्या डोंगरात कपिलधार लागतं. इथं मन्मथ स्वामींची समाधी आहे. कार्तिकी पौर्णिमेला मोठी यात्रा भरते आणि पावसाळ्यात कड्यावरून धबधबा कोसळतो.

श्रावणात आमच्या शाळेची सहल तिथं गेली. दर्शन झालं, चिंब भिजणं झालं. मग भाकरी सोडून बसलो, तेव्हा सातवीतल्या एकीनं विचारलं, "सर, परदेशात शिकायला श्रीमंतांचीच पोरं जातात का?" तिचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात.

मी तिला पांडुरंग खानखोजे यांची गोष्ट सांगितली. ते वर्ध्याचे. १९१० च्या सुमारास ते अमेरिकेत शेतीशास्त्र शिकत होते. खर्च भागवायला त्यांनी शेतात मजुरीही केली. ते क्रांतिकारकही होते. पुढं १९२४ मध्ये ते मेक्सिकोला गेले, तिथं शेतकीचे प्राध्यापक झाले आणि मक्यावर संशोधन केलं.

आजही अमेरिकेत शिकणाऱ्या परदेशी मुलांना सत्र चालू असताना कॉलेजच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. पदवीनंतर आपल्याच विषयात वर्षभर प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेण्यासाठी परवानगी मागता येते. पुस्तकातलं ज्ञान तिथं हातात उतरतं.

"म्हणजे कामाची लाज नाही!" ती म्हणाली.

"लाज कसली? फक्त शाळा सुटता कामा नये."

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "यंदा मी फडावर जात नाही. आजीपाशी राहते. पण सर, बाबांना तुम्हीच सांगा."

येत्या रविवारी मी तिच्या घरी जाणार आहे.