लॅमिंग्टन रोडची गरम हवा

‘बोर्ड बदलावा लागेल, सर. सहा हजार आठशे. आणि डेटा जाणार.’ सर्व्हिस सेंटरमधल्या टायवाल्या मुलाने तीन वाक्यांत विषय संपवला आणि पुढचं टोकन पुकारलं.

आजार काय, तर आईच्या टॅबचं चार्जिंग पोर्ट खिळखिळं झालेलं. बस्स! सुटं पोर्ट वीस-पंचवीस रुपयांना मिळतं. पण ते थेट मुख्य बोर्डवर डाखलेलं असल्याने कंपनीच्या लेखी अख्खा बोर्डच बाद. आता त्या टॅबात काय होतं म्हणाल, तर आईच्या भजनी मंडळाच्या सोळा चाली. बऱ्याचशा ज्या मावशींच्या आवाजात, त्या गेल्या वर्षी गेल्या. ‘बॅकअप घेतलाय का गं?’ असं विचारलं, तर आई म्हणाली, ‘तो कुठून घ्यायचा असतो?’ झालं!

ऑफिसात हार्डवेअरचं बघणाऱ्या मित्राला चहाच्या ब्रेकमध्ये हे रडगाणं ऐकवलं. तो बिस्किट बुडवत म्हणाला, ‘हॉट एअर घे आणि काढ की पोर्ट. एवढं काय त्यात?’ एवढं काय त्यात, ते पुढे कळलंच.

फंडा असा आहे. साध्या सोल्डरिंग आयर्नने एका वेळी एक पाय गरम होतो. मायक्रो यूएसबी पोर्टला पाच बारीक पिना, दोन पिनांमधलं अंतर ०.६५ मिलिमीटर, शिवाय पत्र्याच्या कवचाचे पाय वेगळे. एक वितळवून दुसऱ्याकडे जाईपर्यंत पहिला पुन्हा घट्ट! म्हणून तीनशे-साडेतीनशे अंशांची गरम हवा मारून सगळे सांधे एकदम वितळवायचे आणि पोर्ट अलगद उचलायचं. या यंत्राला बाजारात ‘हॉट एअर’ म्हणतात, नाहीतर सरळ ‘एसएमडी मशीन’. आणि असलं काही घ्यायचं तर मुंबईत पाय आपोआप एकाच दिशेला वळतात.

डोंबिवलीहून दादर, तिथे पूल ओलांडून वेस्टर्नची स्लो लोकल, ग्रँट रोडला पूर्वेकडे बाहेर पडायचं. पाच मिनिटं चाललं की लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असलं, तरी टॅक्सीवाल्यापासून ठेलेवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजून लॉर्ड लॅमिंग्टनच. १९०३ ते १९०७ अशी जेमतेम चार वर्षं मुंबईचा गव्हर्नर होता बिचारा, पण त्याच्या नावाने आज लोक ग्राफिक कार्ड घेतात! बाबांच्या पिढीला हा रस्ता माहीत तो मिनर्व्हा थिएटरमुळे. १९७५ साली लागलेला ‘शोले’ तिथे पाच वर्षं चालला. थिएटर आता नाही. गर्दी मात्र आहे, फक्त ती आता हार्ड डिस्क, सीसीटीव्ही आणि केबलच्या भेंडोळ्यांसाठी.

मुख्य रस्त्यावरच्या काचेच्या दुकानांत लॅपटॉप नि राउटर. आपला माल आत, गल्ल्यांमध्ये आणि जुन्या इमारतींच्या तळमजल्यावर. तिथे हाताच्या पंजाएवढ्या खणांत रेझिस्टर शेकड्याने मिळतात, काउंटरवरचा माणूस न बघता हात घालतो आणि बरोबर तोच खण निघतो. एसी नाही, बसायला जागा नाही, ‘सर’ नाही. ‘बोलो’ एवढंच. मॉलची सवय असलेल्याला पहिली दहा मिनिटं आपण कुणाच्या तरी वाटेत उभे आहोत असंच वाटत राहतं. (आपण खरंच वाटेत उभे असतो.)

‘बोलो.’

‘हॉट एअर चाहिए. सस्तेवाला.’

‘आठ-पाँच-आठ ले जाओ. साडेतीन हजार.’

८५८डी हा या धंद्यातला वडापाव. मूळ डिझाइन एका चिनी कंपनीचं, पण नकला इतक्या की आता आकडा तोच आणि नाव दर दुकानात वेगळं. पंखा हँडलमध्येच बसवलेला, म्हणून डबा छोटा नि हलका. शेजारी ८५० जातीचा जुना भाऊबंद होता. त्याचा पंप खालच्या पेटीत असतो, नळीतून हवा हँडलपर्यंत येते. जड, घरघर करणारा, पण हात शेकत नाही. तो घेतलात तर तळाशी पंप आवळून धरणारा वाहतुकीचा स्क्रू आधी काढायचा असतो. न काढता चालू केला की पेटी टेबलावर झिम्मा खेळते. आणि वरच्या फळीवर, देवासारखं, क्विकचं ८६१डीडब्ल्यू. हजार वॉटचं, रोज दहा मोबाइल उघडणाऱ्यांचं मशीन. किंमत पाच-सहा पट. वर्षातून चार वेळा वापरणाऱ्याने त्याच्याकडे बघून हात जोडावेत आणि पुढे जावं.

खरेदीच्या वेळी डिस्प्ले किती छान, नोझल किती फुकट, असं सगळे बघतात. मीही तेच बघत होतो. पण निघताना मित्राने मल्टिमीटर बॅगेत कोंबला होता. ‘मशीन सॉकेटला लावायच्या आधी एकच गोष्ट बघ. प्लगची जाड लांब पिन आणि नोझलचं लोखंड. बीप वाजली तर घे.’

लावला. बीप नाही. पुन्हा लावला, पिन घासून लावला. नाही.

म्हणजे तीन पिनांचा प्लग होता, तिसरी पिनही होती, पण ती नळीपर्यंत पोचतच नव्हती! अर्थ नुसता शोभेला. आत हीटरची तार कधी सुटून धातूला टेकली, तर २३० व्होल्ट सरळ माझ्या हातात. शिवाय बोर्डवरचे नाजूक चिप स्थिर विजेने जातात, ते वेगळंच. दुकानदाराला दाखवलं. रागावेल असं वाटलं होतं, पण त्याने खांदे उडवले आणि मागून दुसरा बॉक्स काढला. त्यावर नाव दुसरं, रंग दुसरा, किंमत दोनशेने जास्त. बीप! मग मी धीर करून म्हटलं, ‘खोलके देखूँ?’ चार स्क्रू. आत फ्यूज फेजच्या वायरवर होता, न्यूट्रलवर नाही. हे बघायचं कारण असं, की काही स्वस्त नकलांत फ्यूज आणि स्विच दोन्ही न्यूट्रलवर टाकलेले सापडतात. मग बटण बंद केलं तरी आत वीज जिवंतच. प्लग काढून ठेवलेला असेल तेव्हाच झाकण उघडायचं, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो.

दोनशे रुपयांत एवढा फरक. आपण मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नवर याहून जास्त उडवतो, बॉस.

त्याच गल्लीत एका जिन्याखाली टपरीएवढ्या जागेत एक काका मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करत बसले होते. भिंगाचा दिवा, मान वाकलेली, शेजारी पितळी डबीत फ्लक्स. टॅबचा बोर्ड मी पिशवीतून आणलाच होता, तो दाखवला. सरळ त्यांच्याकडूनच करून घ्यावं, असं मनात आलं. त्यांनी बोर्ड दिव्याखाली फिरवला. ‘करून देईन. पण आता सोमवारच्या कामांचा ढीग आहे. आणि मशीन घेऊन निघालायस, मग हात कशाला लावू मी?’ मग पायाजवळच्या खोक्यातून मेलेले चार बोर्ड काढून माझ्या हातात ठेवले. ‘आधी हे मार. आईचा पाचवा.’

पैसे विचारले तर ‘पन्नास दे’ म्हणाले. आणि एक वाक्य, जे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही: ‘ओढू नकोस. तो सुटेल तेव्हा स्वतः सांगतो.’

बाकीची खरेदी काकांच्या सांगण्यावरून. चांगलं फ्लक्स, सिरिंजमधलं. पत्रा जोडायला हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते ॲसिडवालं नाही, त्याने बोर्ड कुजतो. तांब्याची डिसोल्डरिंगची वेणी. कॅप्टन टेप, पिवळी, उष्णता सोसणारी. आणि शिसेमिश्रित ६३/३७ सोल्डर. कंपन्या आता बिनशिशाचं सोल्डर वापरतात, ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं. ६३/३७ वितळतं १८३ला. जुन्या सांध्यावर हे थोडं मिसळलं की तो कमी तापमानाला सुटतो आणि बोर्डचे हाल कमी होतात. आमच्या आजीच्या दारात तांब्याच्या घागरीला डाख द्यायला माणूस यायचा, तोही शिसं नि कथीलच वितळवायचा. फक्त त्याची घागर ०.६५ मिलिमीटरची नव्हती!

घरी आल्यावर आधी भिंतीतल्या सॉकेटचा अर्थ तपासून घेतला. जुन्या बिल्डिंगांत तिसरं भोक नुसतं भोकच असतं. मग खिडकी उघडली, कारण फ्लक्सचा धूर छातीत बसतो. छताचा पंखा मात्र बंद, नाहीतर तो बोर्ड थंड करत राहतो. आई दारातून म्हणाली, ‘काय जाळतोयस रे?’

जळतच होतं. पहिल्या मेलेल्या बोर्डवर मी उत्साहात हवा पूर्ण सोडली आणि मोहरीएवढे कपॅसिटर अक्षरशः उडून गेले. एक चहात सापडला. दुसऱ्यावर घाबरून लांबून, सावकाश शेकत बसलो. सोल्डर वितळेना, पण शेजारचा प्लास्टिकचा कनेक्टर मेणबत्तीसारखा वाकला. डिस्प्लेवर ३५० दिसतं ते आतल्या सेन्सरचं. बोर्डपर्यंत किती पोचतं, ते नोझल किती रुंद, किती जवळ, हवा किती यावर. म्हणून आकडा पाठ करून उपयोग नाही, आपल्या मशीनचा स्वभाव मेलेल्या बोर्डवरच कळतो. तिसऱ्यावर घाई केली, चिमट्याने ओढलं आणि पोर्टबरोबर तांब्याचे दोन पॅडही उपटून आले. काकांचं वाक्य तेव्हा आठवलं. चौथ्यावर आधी सगळीकडून गोल फिरवत अर्धा-एक मिनिट शेकलं, मग जवळ नेलं. सोल्डर एकदम आरशासारखं चमकलं आणि पोर्ट चिमट्याच्या नुसत्या स्पर्शाने डुललं. सांगतो म्हणजे काय, ते तेव्हा समजलं.

प्रत्येक वेळी संपल्यावर हँडल स्टँडमध्ये ठेवून द्यायचं, मेन स्विचला हात लावायचा नाही. स्टँडमधल्या चुंबकामुळे हीटर आपोआप बंद होतो आणि पंखा चालू राहून नळी गार करतो. घाईने प्लग काढलात तर ती साठलेली उष्णता हँडलमधलं प्लास्टिक खाते.

आईच्या टॅबवर रविवारी बसलो. बॅटरी आधीच काढून लांब ठेवलेली, ती कधीच या हवेजवळ येता कामा नये. आजूबाजूला कॅप्टन टेप. नवं सोल्डर मिसळलं, फ्लक्स, गोल गोल हवा. जुनं पोर्ट डुललं, आलं. वेणीने भोकं साफ केली. आणि भिंगातून बघतो तर डेटाच्या दोनपैकी एक पॅड गायब! तो मी उपटला की पोर्ट महिनोन्महिने खिळखिळं असताना आधीच उखडला होता, देव जाणे. मला वाटतं, मीच.

नवं पोर्ट हवेने नाही बसवलं, त्याचं प्लास्टिक वितळलं असतं. कवचाचे पाय आणि उरलेल्या पिना आयर्ननेच डाखल्या. बॅटरी जोडली, चार्जर लावला. काही नाही. दहा मिनिटं काही नाही. मग स्क्रीनवर ती रिकामी बॅटरी आली.

डेटाची एक तार नसल्याने चार्जरची ओळख पटत नाही, म्हणून टॅब सावकाश चार्ज होतो, आणि केबलने लॅपटॉपला दिसत नाही. पण वाय-फाय चालू आहे ना! सोळाच्या सोळा चाली त्या रात्री लॅपटॉपवर घेतल्या, एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक ऑनलाइन. हिशेब म्हणाल तर मशीन, सोल्डर, फ्लक्स, वेणी, टेप, पोर्ट आणि काकांचे पन्नास धरून पाच हजारांच्या आत. बोर्ड बदलण्यापेक्षा फार स्वस्त पडलं असं नाही, पण बोर्ड बदलून चाली मिळाल्या नसत्या.

आईने पहिली चाल लावली, अर्धी ऐकली आणि मागे नेली. ‘इथे बघ, दुसऱ्या चरणाला ती नेहमी वर चढवायची. किती वेळा सांगितलं होतं.’

टॅब अजून रात्रभर चार्जिंगला लावावा लागतो.