आकड्याआधी लेव्हल

पगाराची बोलणी म्हणजे शेवटच्या फोनवर दहा मिनिटांत उरकायची घासाघीस, असं बहुतेक इंजिनिअर धरून चालतात. पुण्यात इतकी वर्षं इंजिनिअर निवडण्याचं काम केल्यावर मी ठामपणे सांगू शकते की तो फोन येतो तेव्हा महत्त्वाचं बरंचसं ठरून गेलेलं असतं.

मुलाखती संपल्या की आम्ही घेणारे एकत्र बसतो. प्रत्येकाचा लेखी अभिप्राय समोर असतो. घ्यायचं की नाही हा प्रश्न पटकन सुटतो. वाद होतो तो कोणत्या लेव्हलला घ्यायचं यावर. एसडीई-टू की एसडीई-थ्री? एकदा ते ठरलं की पगाराचा बँड ठरला, बोनसची टक्केवारी ठरली, शेअर्स किती द्यायचे तेही जवळपास ठरलं. रिक्रूटरच्या हातात उरते ती बँडमधली थोडीशी जागा. बँडच्या बाहेर जायचं तर वरचं अप्रूव्हल लागतं, आणि ते मागताना मॅनेजरला टीममधल्या जुन्या माणसांचे पगार शेजारी ठेवून उत्तर द्यावं लागतं. लेव्हल बदलून घ्यायला मात्र पुरावा पुरतो.

म्हणून सल्ला मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच विचारते: ही मुलाखत कोणत्या लेव्हलसाठी आहे, हे पहिल्या फोनवर विचारलंस का? नुसता लेव्हलचा नंबर ऐकून भागत नाही. गूगलमध्ये नवा पदवीधर एल-थ्रीला लागतो, अ‍ॅमेझॉनमध्ये एल-फोरला, मायक्रोसॉफ्टमध्ये तर 59ला. तेव्हा त्या लेव्हलचा माणूस रोज काय करतो, हे विचारायचं.

मध्यंतरी इचलकरंजीकडची एक मुलगी आली होती. सर्व्हिस कंपनीत पेमेंटचं काम करत होती, अनुभव सहा वर्षांचा. नव्या कंपनीच्या मुलाखती छान झाल्या होत्या, पण ऑफर एसडीई-टूची येणार असा अंदाज होता. "मॅडम, माझी सहा वर्षं झालीत हे सांगू का त्यांना?" तिनं विचारलं. म्हटलं, वर्षं रेझ्युमेवर दिसतातच. तू स्वतः काय ठरवलंस ते सांग. बराच वेळ ती "आम्ही केलं, आम्ही केलं" एवढंच म्हणत राहिली. मग हळूहळू बाहेर आलं. नेटवर्क तुटलं की व्यवहाराची विनंती पुन्हा यायची आणि एकच रक्कम दोनदा वळती व्हायची. हिनं प्रत्येक व्यवहाराला एक कायमची की दिली आणि पुन्हा आलेली विनंती ओळखून जुनंच उत्तर परत करायची रचना केली. त्याचं डिझाइन डॉक्युमेंट हिनंच लिहिलं, शेजारच्या टीमना हिनंच पटवलं, आणि बदल लाइव्ह गेला त्या रात्री ऑन-कॉलही हीच होती. रेझ्युमेवर या सगळ्याची एकच ओळ होती: पेमेंट मॉड्यूलवर काम केलं.

तिच्या मुलाखतींत सिस्टीम डिझाइनचा राउंडच नव्हता. तो नसेल तर वरच्या लेव्हलसाठी मुलाखत घेणाऱ्यांनी लिहायचं तरी काय? तिनं रिक्रूटरला मेल केला. ही सगळी हकीकत चार वाक्यांत लिहिली आणि वरच्या लेव्हलसाठी आणखी एक डिझाइन राउंड द्यायची तयारी दाखवली. राउंड झाला, लेव्हल मिळाली. आकडा मात्र त्या बँडच्या तळाचा होता, आणि दुसरी एक कंपनी खालच्या लेव्हलला दोन लाख जास्त देत होती.

मी तिला पहिली ऑफर घ्यायला सांगितलं. खालच्या बँडच्या डोक्याला टेकलेल्या माणसाला पुढची पगारवाढ बेताचीच मिळते. वरच्या बँडच्या तळाशी असलेल्याला वर सरकायला जागा असते, आणि मुख्य म्हणजे कामही त्या तोलाचं मिळतं. पुढची नोकरी त्या कामावर मिळते. अर्थात वर्षअखेरीला तुलनाही त्याच लेव्हलच्या माणसांशी होते. ज्याला स्वतःच्या कामाचा असा एकही दाखला देता येत नाही, त्यानं ओढूनताणून वरची लेव्हल घेऊ नये. पहिल्याच वर्षी रेटिंग घसरलं की सावरणं फार अवघड जातं.

पैशाकडे दुर्लक्ष करा, असं माझं म्हणणं नाही. 24 लाखांचा सीटीसी म्हणजे महिना दोन लाख, असा हिशेब पोरं घरी सांगून मोकळी होतात. कागद नीट उघडून बघावा. मूळ पगार निम्मा, म्हणजे 12 लाख धरू. त्यावर कंपनीचा पीएफचा वाटा 12 टक्क्यांनी 1,44,000, ग्रॅच्युइटी 4.81 टक्क्यांनी 57,720, दहा टक्के व्हेरिएबल 2,40,000, आणि जॉइनिंग बोनस आत धरला असेल तर त्याचे समजा 1,50,000. हे वजा केल्यावर महिन्याला उरतात 1,50,690. त्यातून स्वतःचा पीएफ, प्रोफेशनल टॅक्स आणि इन्कम टॅक्स अजून जायचाच आहे. कायम नोकरीत ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं पुरी झाल्यावरच हाती येते, आणि वर्षाच्या आत सोडलं तर जॉइनिंग बोनस बहुधा परत मागतात. दोन ऑफर शेजारी ठेवायच्या त्या नक्की मिळणाऱ्या रकमेवर. "सहा महिन्यांत प्रमोशन करू" हे तोंडी आश्वासन मेलवर येत नसेल, तर ते हिशेबात धरूच नये.

मला खरा राग येतो तो "करंट सीटीसी किती?" या प्रश्नाचा. साडेतीन लाखांवर सुरुवात केलेला आणि सात लाखांवर सुरुवात केलेला, दोघांनी तीनदा नोकरी बदलली आणि दर वेळी 30 टक्के वाढ मिळाली, तर एक पोचतो 7.69 लाखांवर आणि दुसरा 15.38 लाखांवर. साडेतीन लाखांचं अंतर साडेसातच्या वर जातं. काम कदाचित दोघांचं सारखंच असेल. फरक कोणाच्या कॉलेजात कोणती कंपनी आली होती एवढाच. कॅलिफोर्नियात 2018पासून कंपन्यांना जुना पगार विचारायला कायद्यानं बंदी आहे, आणि कोलोरॅडोत 2021पासून जाहिरातीतच पगाराची रेंज द्यावी लागते. आपल्याकडे तसा कायदा नाही. म्हणून आकडा खोटा सांगू नये. पेस्लिप मागतात, पीएफचा रेकॉर्डही तपासतात. खरा आकडा सांगावा आणि त्याच दमात म्हणावं, "माझी अपेक्षा या पदाच्या बँडप्रमाणे आहे. तो बँड काय आहे?"

हा प्रश्न विचारायची वेळच उमेदवारावर येऊ नये, असं मला वाटतं. आमच्या टीमसाठी माणूस घेताना पहिल्याच फोनवर लेव्हल आणि बँड दोन्ही सांगायला मी रिक्रूटरला लावलं. सगळे वरचाच आकडा मागतील अशी त्याला धास्ती होती. काही जण मागतात. मग ते तो आकडा का मागताहेत हे आम्ही ऐकतो, आणि पेमेंटच्या त्या रचनेसारखं काहीतरी, जे रेझ्युमेवर एका ओळीत दडपलं गेलेलं असतं, ते मुलाखतीच्या आधीच आमच्या कानावर येतं.