पाहुण्यांचं गाव

"हितं कुनी टिकत न्हाई, समदे येतेत आन् जातेत," असं आमची आज्जी नळदुर्गबद्दल म्हणायची. तिच्या बोलण्यात तक्रार नसायची. सुपातली ज्वारी पाखडता पाखडता ती हे सांगून टाकायची आणि पुढच्या कामाला लागायची. लहानपणी मला हे पटायचं नाही, कारण आम्ही तर तिथेच होतो. आता नळदुर्ग सोडूनही बराच काळ लोटला आहे आणि आज्जीच्या हिशेबात आमचीही नोंद झालेली आहे.

पण खरंच, त्या गावाकडे तिच्या नजरेने पाहिलं की सगळे पाहुणेच दिसतात. पाणी पाहुणं, देव पाहुणा, साहेब पाहुणे, फौजा पाहुण्या. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या एस.टी.सुद्धा दहा मिनिटं थांबायच्या, प्रवासी चहा प्यायचे, वडे खायचे, आणि आमच्या गावाकडे धड न बघता निघून जायचे. एके काळी जिल्ह्याचं नावच नळदुर्ग होतं, हे आम्हाला शाळेत मोठ्या अभिमानाने सांगत. पुढे कचेऱ्या उस्मानाबादला गेल्या. जिल्हा गेला तो गेलाच, आता नुसता तालुका तरी द्या म्हणून वर्षानुवर्षं मागणी चालली आहे.

या येणाऱ्या-जाणाऱ्यांनी इतिहासात काय ठेवलं ते पुस्तकांत आहे. माझ्याकडे जे राहिलं ते फार बारीक आहे, आणि खरं सांगायचं तर तेच मला जास्त मोलाचं वाटतं.

पाण्याचंच घ्या. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३च्या सुमारास, मीर इमादीन नावाच्या स्थापत्यकाराने बोरी नदीवर किल्ल्यातच बंधारा घातला. नळदुर्ग आणि पलीकडचा रणमंडळ हे दोन किल्ले त्याने जोडले गेले, पाणी अडलं, आणि भिंतीच्या पोटात पाणीमहाल तयार झाला. भिंतीवरून पाणी दोन ठिकाणी कोसळतं. एकाला नर म्हणतात, दुसऱ्याला मादी. वरचं बोरी धरण भरून वाहू लागल्याशिवाय हे दोघे सुरू होत नाहीत, म्हणजे चांगल्या पावसाची वर्षं सोडली तर नाहीच. पावसाळ्याच्या शेवटी शेवटी कुणीतरी सायकलवरून ओरडत जायचं, "नर सुटला!" की अर्धं गाव किल्ल्याकडे.

आण्णा मला पहिल्यांदा पाणीमहालात घेऊन गेले ते मला अजून अंगावर आठवतं. भिंतीच्या आत उतरत जाणाऱ्या पायऱ्या, ओल्या दगडाचा आणि वटवाघळांचा मिसळलेला वास, आणि एकदम समोर कमान. कमानीच्या पलीकडे पाण्याचा पडदा. पाणी डोक्यावरून पडतंय आणि आपण कोरडे! आवाज असा की छातीत घुमतो. आण्णा माझ्याकडे वाकून काहीतरी बोलत होते. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, शब्द एकही ऐकू येत नव्हता. चेहरा मात्र गंभीर होता. मला वाटलं, ते या महालाचं काहीतरी मोठं गुपित सांगताहेत. मी समजल्यासारखी मान हलवली. वर आल्यावर विचारलं, "आण्णा, आत काय सांगत होता?"

"काही नाही. चप्पल सांभाळ म्हणत होतो. वाहून जाईल."

आण्णा आयुष्यात फार कमी बोलले. जे बोलले त्यातलं बरंचसं चप्पल, छत्री, दिवा, कडी याच जातीचं होतं. मोठेपणी कुणाच्या तोंडून प्रेमाची लांबलचक भाषणं ऐकली की मला ते हलणारे ओठ आठवतात. पाणीमहाल बांधणाऱ्याच्या कौशल्याला मी दाद देते, पण त्याने माझ्यासाठी बांधला तो एवढ्या एका वाक्यासाठी.

कोरड्या वर्षांचा पाणीमहाल निराळा. तेव्हा तो नुसती अंधारी खोली. आम्ही मुलं तिथे जाऊन एकमेकांची नावं ओरडायचो. धो धो पाणी पाहायला लांबून माणसं यायची, कोरडा महाल मात्र फक्त आमचा होता. पाहुणा गेल्यावर घरच्यांना घर जरा मोकळं वाटतं, ते कुणी कबूल करत नाही इतकंच.

देवाचं येणं पाण्यापेक्षा भरवशाचं. आमचा खंडोबा वर्षातले सव्वादहा महिने शेजारच्या अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला, मैलारपूरच्या देवळात. खंडोबा आणि बाणाईचं लग्न इथेच लागलं, अशी श्रद्धा आहे. मार्गशीर्षात त्याची पालखी नळदुर्गला येते. देव नेताना आणि परत आणताना दोन्ही गावांचे मानकरी लेखी करार करतात, आणि तो पाळतात. ज्या मुलखात सख्खे भाऊ रात्रीतून एकमेकांच्या शेताचा बांध कोरतात, तिथे दोन गावांनी एक देव वाटून घ्यावा आणि भांडण होऊ नये, याचं मला अजूनही नवल वाटतं. लहानपणी मला वेगळाच प्रश्न पडायचा. मी आज्जीला विचारलं, "देवाला कुठलं घर आपलं वाटत असंल?"

"जिथं असंल तिथलं," आज्जी म्हणाली. "लेकीबाळींचं कसं असतंय?"

ती स्वतः कुठल्या गावची लेक होती, हे तोवर मी तिला कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी विचारलं. मग दिवेलागणीपर्यंत तिच्या माहेरच्या विहिरीच्या, चिंचेच्या आणि एका दुष्ट म्हशीच्या गोष्टी ऐकल्या.

पौष पौर्णिमेच्या यात्रेत गाव ओळखू यायचं नाही. 'येळकोट येळकोट'चा गजर, नाचवल्या जाणाऱ्या उंच काठ्या, उधळलेला भंडारा. मराठी, कानडी, दखनी यांची खिचडी कानांवर पडायची. भंडाऱ्याचा पिवळा रंग फ्रॉकच्या शिवणीत शिमग्यापर्यंत टिकून असायचा. मला यात्रेपेक्षा यात्रेनंतरचा दिवस आवडायचा. पाळणे, पालं, मिठाईची दुकानं उठलेली. जमिनीत नुसती खुंट्यांची भोकं. आम्ही मुलं धूळ चाळत फिरायचो. कधी दहा पैसे मिळायचे, कधी बांगडीचा तुकडा, कधी मोडकी शिट्टी. ताईला एकदा चांदीची जोडवी सापडली. आज्जीने ती देवळात नेऊन ठेवायला लावली. ताई रस्ताभर रडली. वाटेत आज्जीने तिला रेवड्या घेऊन दिल्या, त्याही यात्रेतल्या उरलेल्या, मऊ पडलेल्या. त्या मऊ रेवड्यांची चव मी सांगू शकते, ताईला मात्र त्यातलं काही आठवत नाही. तिला जोडवी आठवतात.

देव गावात असतानाच वेळा अमावस्या यायची, आणि मग गंमत व्हायची. देव मुक्कामाला आणि यजमानच गाव सोडून शेतात! आमच्याकडे, लातूरकडे, सोलापूरच्या काही भागात हा सण आहे. पुण्या-मुंबईच्या लोकांना त्याचं नाव सांगितलं तरी ते दिनदर्शिका उघडून बघतात. त्या दिवशी दुकानांना कुलपं, रस्त्यावर फक्त कुत्री. शेतात कडब्याची कोप करायची, तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, पुजायचे. आणि जेवण! भज्जी म्हणजे आमच्याकडे तळलेली भजी नव्हेत. वाल, वाटाणा, हरभरा, तूर, शेंगा, पालेभाज्या असं शेतात जे जे हाताला लागेल ते बेसनात आणि चिंचेत शिजवलेलं. त्याबरोबर बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यातली थंडगार आंबील. वाटेने जाणाऱ्या कुणालाही हाक मारून बसवायचं. ओळख असो नसो. एकदा महामार्गावर बंद पडलेल्या ट्रकचा शीख ड्रायव्हर आमच्या पंगतीत जेवला होता. त्याने आंबीलीचे तीन पेले रिचवले आणि मग विचारलं, हे काय होतं. आण्णांना हिंदीत सांगता येईना. ते म्हणाले, "हमारा लस्सी." संध्याकाळी पेंढी पेटवून पिकाभोवती फिरवायची आणि अंधारात घरी यायचं.

तो ड्रायव्हर गेल्यावर आज्जी एकदम म्हणाली, "ह्यांच्याच पगडीवाल्यांनी सोडवलंय आपल्याला." मला तेव्हा अर्थ कळला नाही. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूने निजामाच्या हद्दीत शिरल्या. हैदराबादच्या या 'पोलिस ॲक्शन'मधली पहिली चकमक आमच्या किल्ल्यापाशी झाली. बोरीवरचा पूल शाबूत हाती येणं गरजेचं होतं. सातव्या ब्रिगेडने तो मिळवला आणि दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्गवर हल्ला चढवला. चारच दिवसांनी, १७ तारखेला, निजाम शरण आला. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला शाळेत झेंडावंदन व्हायचं, आम्ही भाषणं पाठ करायचो. मी एकदा मोठ्या आशेने आज्जीला विचारलं, तू रणगाडे बघितलेस का? ती तेव्हा नुकतीच नांदायला आलेली. ती म्हणाली, रणगाडे कुठले, आम्ही ऐकलं की येताहेत आणि सगळे शेतावर पळालो. तव्यावर भाकरी होती. ती तशीच टाकून निघाली. सासू ओरडली होती, पण कुणावर, तेही तिला कळलं नाही. दोन दिवसांनी परत आले तर चूल तशीच, तवा तसाच, भाकरी नाही.

"भाकर कुनी खाल्ली, ते आजून कळालं न्हाई बघ," आज्जी म्हणायची.

हैदराबाद संस्थान संपलं, आणि तिच्या मनात चाळीस-पंचेचाळीस वर्षं हा एकच प्रश्न शिल्लक होता. कुत्र्याने, रझाकाराने, की सैनिकाने? भाषणात मी हे सांगितलं असतं तर गुरुजी रागावले असते. आज मात्र मला त्या दिवसाबद्दल वाचलेल्या सगळ्या मजकुरापेक्षा ती भाकरी जास्त खरी वाटते. दोन फौजांच्या मधल्या घरात कुणालातरी भूक लागलेली होती.

आमच्या वाट्याला आलेली मोठी घटना म्हणजे १९९३चा भूकंप. ३० सप्टेंबरची पहाट, चारला काही मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती बुडवून आम्ही दमून झोपलो होतो. मांडणीवरची भांडी एकमेकांवर वाजली, आण्णांनी आम्हाला ओढत अंगणात काढलं. आमच्या घराला एक भेग पडली, इतकंच. किल्लारी, सास्तूर ही नावं दिवस उजाडल्यावर कानांवर येऊ लागली. हजारो माणसं गेली होती. पुढे कितीतरी रात्री गाव अंगणात, रस्त्यावर झोपलं. चांदणं बघत झोपायला मिळतंय म्हणून आम्हा मुलांना मजा वाटत होती, आणि मजा वाटतेय हे बोलायचं नाही एवढं कळत होतं.

त्या भूकंपात पोरकी झालेली मुलं नळदुर्गजवळ आली. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी, पन्नालाल सुराणांच्या पुढाकाराने, त्यांच्यासाठी 'आपलं घर' उभं केलं. यात्रेत, बाजारात त्यांतली काही मुलं दिसायची. आमच्याच वयाची. आज्जीने आम्हाला बजावलं होतं, "बोला, खेळा, पर गाव कोन्तं म्हनून इचारायचं न्हाई."

हे किती अवघड होतं, ते मराठवाड्यातल्या माणसालाच कळेल. आमच्याकडे ओळखीची सुरुवातच त्या प्रश्नाने होते. एस.टी.त शेजारी बसलेला माणूस नाव नंतर विचारतो, गाव आधी. मी एका मुलीपाशी जाऊन उभी राहिले आणि मला काही सुचेना. शेवटी तिनेच मला विचारलं, "तुझं गाव हेच का?" मी हो म्हणाले. मग आम्ही दोघी पाळण्यात बसलो. त्यानंतर आजतागायत नव्या माणसाला गाव विचारताना माझी जीभ क्षणभर अडते.

आज्जीचा हिशेब चुकला असेल तर तो इथेच. ही मुलं आली ती राहिली, शिकली, मोठी झाली.

किल्ल्यात आता बाग आहे, तिकीट आहे, नर-मादी सुरू झाले की गाड्यांची रांग महामार्गापर्यंत येते. चांगलंच आहे. तुम्हीही जा. पण त्याआधी एक करा. १९४८ साली जी नळदुर्गात, अणदुरात, तुळजापुरात, उमरग्यात लहान होती, ती माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. तुमच्या घरात, वाड्यात, गल्लीत त्यांतलं कुणी असेल तर त्यांच्यापाशी बसा. पोलिस ॲक्शनबद्दल विचारलंत तर ती पुस्तकातलंच सांगतील. त्या दिवशी घरात काय शिजलं होतं, ते विचारा, आणि लिहून ठेवा.